लाल रेघांचा चिवडा

"बारकोडचं माझ्यावर सोडा. तुमी फक्त चिवड्याचं पाहा," असं शालीकराम टेंभरे भरल्या ओसरीत छाती पुढे काढून म्हणाला. आपलं वय, आपले गुडघे आणि आपला आजवरचा इतिहास पाहता हे वाक्य त्याने तोंडातल्या तोंडात गिळायला हवं होतं. पण धान खरेदी केंद्रावरची नोकरी संपल्यापासून घरात त्याच्यावर काही म्हणता काही सोडलं जात नव्हतं. आठवडी बाजारातून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणायची आणि ती जून निघाली की बोलणी खायची, एवढाच कारभार उरला होता. अशा माणसासमोर कोणी बारकोडसारखा भारदस्त शब्द टाकला, तर त्याला मोह होणारच.

प्रसंग असा होता. त्याची बायको शामकला दवनीवाड्याच्या महिला बचत गटाची अध्यक्ष, आणि गट पोह्यांचा चिवडा करायचा. चिवडा खरोखर चांगला होता. शालीकराम हे बायकोच्या धाकाने सांगायचा नाही, मनापासून सांगायचा. गोंदियाला बचत गटांचं प्रदर्शन भरलं तेव्हा नागपूरच्या एका मोठ्या दुकानाच्या मॅनेजरने तो खाल्ला, दुसऱ्यांदा हात पुढे केला, आणि म्हणाला की आमच्याकडे ठेवून पाहू. अट एकच, प्रत्येक पाकिटावर बारकोड पाहिजे.

गटाला या नागपूरची फार नड होती. गटातली सर्वांत तयार हाताची बाई म्हणजे वच्छला. मीठ किती, तिखट किती, कढई उतरवायची कधी, हे सगळं तिच्या अंदाजावर चालायचं. तिची सासू रुख्मिणीबाई गटाच्या सभासद नव्हत्या, पण प्रत्येक बैठकीला सुनेच्या मागोमाग येऊन ओसरीच्या खांबाला टेकून बसायच्या आणि सगळं ऐकून घ्यायच्या. घरचं काम टाकून लोकांसाठी चिवडा तळायचा हा प्रकार त्यांना पहिल्या दिवसापासून नापसंत होता. त्यांनी जाहीर करून टाकलं होतं की माल नागपूरच्या दुकानात लागला तर ठीक, नाही लागला तर वच्छला उद्यापासून घरी. वच्छला गेली की गट मोडला, हे शामकलाला स्वच्छ दिसत होतं. शामकलाची झोप उडाली होती, आणि तिची झोप उडाली की शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही झोपण्याची सोय राहत नसे.

तर शालीकराम कामाला लागला. आणि खरं सांगायचं तर सुरुवात त्याने अगदी नीट केली. बारकोडचा नंबर आपल्या मनाने टाकायचा नसतो, रीतसर अर्ज करून वरून आणावा लागतो, हे त्याने शोधून काढलं. अर्ज केला, फेऱ्या मारल्या, शिक्के मारून घेतले, आणि एके दिवशी नंबर आला. लांबलचक, तेरा आकडी. आरंभीचे आकडे देशाचे, मधले गटाचे, पुढचे चिवड्याचे. तो नंबर त्याने इतका पाठ केला की पानठेल्यावर कोणी सहज "काय म्हनता टेंभरेजी" असं विचारलं तरी तो म्हणून दाखवायचा. काही दिवसांनी पानठेल्यावर त्याला तसं विचारणं लोकांनी बंद केलं.

नंबर घेऊन तो गोंदियाला गुणवंताच्या छापखान्यात गेला. गुणवंता आसपासच्या गावांतल्या लग्नपत्रिका छापायचा. पंचक्रोशीतल्या निम्म्या संसारांची सुरुवात त्याच्या मशीनवर झालेली. त्याने नंबर कॉम्प्युटरवर टाकला, कॉम्प्युटरने त्याच्या रेघा केल्या, आणि एक नमुना प्रिंटरवर काळ्या शाईत काढून त्याने शालीकरामच्या हातात ठेवला. थेट टूथपेस्टच्या डब्यावर असतो तसा. शालीकरामला खडखडत्या बसमध्येही तो नमुना दोन बोटांत अलगद धरून गावापर्यंत आणावासा वाटला, आणि त्याने तो तसाच आणला.

ओसरीत नमुना हातोहात फिरला. बायांनी तो उलटा पाहिला, सुलटा पाहिला, उजेडात धरला. शेवटी तो खांबाजवळ पोचला आणि रुख्मिणीबाईंनी तो डोळ्यांपासून हातभर लांब धरला.

"अवं बापा," त्या म्हणाल्या, "हे त तिरडीच्या कामट्यावानी दिसून राहिलं. पयल्या मालावर कारी शाई? कोनाची तेरवी आहे का?"

शेजारच्या बायांनी नमुन्यावरचे हात मागे घेतले. कारण एकदा असं म्हटल्यावर तो नमुना दुसऱ्या कशासारखा दिसेना. शालीकरामनेही पाहिलं. बारीक जाड, बारीक जाड, काळ्याशार, एकाशेजारी एक. मनातल्या मनात त्याने तिरडीचा विचार झटकला, पण बायांचा झटकला जाईना. आणि शाईचं म्हणावं तर रुख्मिणीबाईंच्या बोलण्यात तथ्य होतं. आपल्याकडे लग्नाची पत्रिका लाल, तेरवीची काळी, हे लहान पोरालाही ठाऊक. पत्रिका उघडायच्या आधी माणूस शाईचा रंग पाहतो आणि त्याप्रमाणे चेहरा करतो. असल्या काळ्या रेघा मिरवत गटाचा पहिला माल नागपूरला जाणार, आणि काही कमीजास्त झालं तर बोल कोणाला लागणार, असं रुख्मिणीबाई विचारत होत्या. एका बाईने तर स्टिकर चिकटवायला आपला हात लावणार नाही म्हणून सांगितलं.

शालीकरामने बारकोड म्हणजे काय हे पुन्हा पहिल्यापासून समजावलं. कोणी ऐकलं नाही. शेवटी शामकलाने त्याच्याकडे पाहिलं.

"रंग बदलला त नंबर बदलते का जी?"

"नंबर कायले बदलन? नंबर तोच राहते."

"मंग लाल करा."

इथे शालीकरामला "विचारून सांगतो" म्हणता आलं असतं. पण ज्याच्यावर बारकोडचं सगळं सोडलेलं आहे, त्याने विचारायचं कोणाला? शिवाय त्याला मनोमन पटलंही. रेघा त्याच, आकडे तेच, रंगाने काय होतं? साडी लाल नेसली काय आणि हिरवी नेसली काय, बाई तीच असते. हा विचार त्याला इतका आवडला की तो त्याने ओसरीत बोलूनही दाखवला, आणि बायकांनी त्याकडे दुर्लक्ष केलं.

गुणवंताला तर लाल म्हटल्यावर हायसंच वाटलं. ऐन लग्नसराईत मशीनवर काळी शाई चढवायची म्हणजे सगळं धुऊन काढा, पुसून काढा, आणि वर अपशकुनाची धाकधूक वेगळी. "लाल ना? शालीकभाऊ, लाल तो अपने इधर नल से आता है," असं म्हणून त्याने कामाला हात घातला आणि दुपारपर्यंत स्टिकरांचे गठ्ठे बांधून दिले. कुंकवाच्या रंगाच्या त्या रेघा पाहून शालीकरामचे डोळे निवले. त्याने भिंग मागून घेतलं आणि एकेक आकडा तपासला. आकडे बरोबर होते. मशीनवर तपासून पाहावं, असं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. लग्नपत्रिका काय कोणी मशीनवर तपासून पाहतं?

स्टिकर चिकटले. खोक्यांना हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. शनिवारी सकाळी शालीकराम खोकी घेऊन गोंदियाहून नागपूरच्या गाडीत बसला. बसायला जागा नव्हती. एका खोक्यावर तो स्वतः बसला, एक मांडीवर घेतलं, आणि बाकीच्यांवर इतर प्रवासी बसू नयेत म्हणून वाटभर "चिवडा आहे, चिवडा" असं सांगत राहिला. त्यामुळे तो विकायला आला आहे असं समजून लोक भाव विचारत राहिले. नागपूर येईपर्यंत त्याचा आवाज बसला होता.

दुकान असं होतं की आत शिरताना चपला काढाव्या की काय, असं वाटावं. मॅनेजर ओळख देऊन हसला आणि त्याने एक पाकीट उचलून जवळच्या काउंटरवरच्या मुलीकडे दिलं. नीतू नाव तिचं, खिशावर लिहिलेलं होतं. तिने पाकीट मशीनसमोर धरलं. लाल उजेड पडला. मशीन गप्प. तिने पाकीट ताणून धरलं, तिरपं धरलं, जवळ नेलं, लांब नेलं. मग शेजारचं साबणाचं खोकं धरलं, तर मशीनने ताबडतोब पीं केलं. पुन्हा चिवडा धरला. गप्प.

शालीकरामने स्टिकर रुमालाने पुसून पाहायला सांगितलं. नंतर दुसरं पाकीट घ्यायला सांगितलं. नंतर खोक्याच्या तळाचं. मग त्याने मशीन गरम झालं असेल, थोडा वेळ बंद ठेवा, असा सल्ला दिला. मागे रांग वाढत होती. अखेर मॅनेजरने पाकीट हातात घेऊन रेघांवर बोट फिरवलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"काका, मशीनचा उजेडच लाल आहे. लाल उजेडात लाल रेघ दिसत नाही. मशीनच्या लेखी तुमचं पाकीट कोरं आहे."

शालीकरामने पाकिटाकडे पाहिलं. रेघा तर लखलखत होत्या. आंधळ्यालाही दिसाव्यात अशा. आणि एवढं महागाचं मशीन म्हणत होतं की इथे काही नाहीच. त्याला मशीनचा राग आला नाही. राग यायला अंगात त्राण लागतं, ते गाडीतच संपलं होतं. त्याला फक्त बसावंसं वाटलं.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. रेघांखालचे आकडे बोटांनी टाकूनही काम होतं, पण उद्या रविवार, गर्दीत प्रत्येक पाकिटाला तेरा आकडे टाइप करत बसलो तर गिऱ्हाईक पळेल, असं त्याने समजावलं. काळ्या रेघा घेऊन या. उद्या संध्याकाळपर्यंत माल गोदामात राहू द्या, नंतर मात्र उचलून न्यावा लागेल आणि ती फळी दुसऱ्याला द्यावी लागेल.

शालीकरामने गुणवंताला फोन लावला. गुणवंता बालाघाटकडे वरातीत होता. मागे बँड एवढ्या जोरात वाजत होता की काळी शाई, काळी शाई असं शालीकराम ओरडत राहिला आणि गुणवंता दर वेळी "आप को भी बधाई" म्हणत राहिला. नागपूरच्या एका छापखान्यात गेला, तर तिथे परवाचा वायदा मिळाला. मग त्याने दुकानातूनच एक काळा स्केचपेन विकत घेतला, गोदामात उलट्या क्रेटवर बसला, जीभ दातात धरली आणि एका पाकिटावरच्या एकेका लाल रेघेवर काळी रेघ ओढू लागला. पेन घसरायचा, दोन रेघा एकमेकींना चिकटायच्या. बिघडलेली पाकिटं बाजूला पडत गेली. बऱ्याच वेळाने एक जमलं. नीतूने ते मशीनसमोर धरलं आणि मशीनने पीं केलं! शालीकरामच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्याने वळून उरलेल्या खोक्यांकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

संध्याकाळी नागपुरातल्या भाच्याच्या घरी मुक्कामाला पोचतो न पोचतो तोच शामकलाचा फोन आला. तिच्या मागे पूर्ण शांतता होती. ओसरीत सगळ्या बाया जमल्या की मगच अशी शांतता असते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. त्या शांततेत कोणीतरी खाकरलं. खाकरणं रुख्मिणीबाईंचं होतं.

"लागला का जी माल?" शामकलाने विचारलं.

शालीकरामच्या डोळ्यांसमोर खांबाला टेकलेल्या रुख्मिणीबाई आल्या, मान खाली घालून बसलेली वच्छला आली. "लागला," तो म्हणाला.

"कुठं?"

"वरच्या फळीवर. समोरच."

पलीकडे एकच गलका झाला. शालीकरामने डोळे मिटून घेतले. सोमवारी काळे स्टिकर आणू, मॅनेजरच्या हातापाया पडू, काहीतरी होईल, असा त्याचा हिशेब होता. तेवढ्यात गलक्यातून शामकलाचा आवाज आला, की आम्ही सगळ्या उद्या पाहायला येऊन राहिलो. रुख्मिणीकाकूसुद्धा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणतात.

त्याने ऊन सांगितलं, गाडीची गर्दी सांगितली, रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते हे सांगितलं. यावर पलीकडून उत्तर आलं की गर्दी असेल तर उलट बरंच, लोक आपला चिवडा घेताना दिसतील. फोन ठेवल्यावर भाचसुनेने ताट वाढलं, तर शालीकरामने भूक नाही म्हणून सांगितलं. मग वाईट दिसेल म्हणून जेवला.

रविवारी तो दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसला. नीतू आली. त्याने तिला काही सांगायच्या आत तिनेच विचारलं, "काका, तुमी कोन्या गावचे जी?"

"दवनीवाडा."

"मी सौंदडची. कालच बोलन्यावरून वळखलं होतं."

गावाकडची पोर म्हटल्यावर शालीकरामचा बांध फुटला. त्याने तिला सगळं सांगितलं. रुख्मिणीबाई, वच्छला, तिरडी, फोन, वरची फळी. नीतूने सगळं ऐकून घेतलं आणि मॅनेजरची पाठ वळताच पाकिटं वरच्या फळीवर मांडून टाकली. मॅनेजर दुपारी दुसऱ्या शाखेत जातो, तेवढ्यात तुमच्या बायांना पाहू द्या आणि परत पाठवा, मग पाकिटं पुन्हा गोदामात नेऊ, असं तिने आधीच ठरवून दिलं होतं. बाया नुसत्या पाहतील आणि जातील, असं दोघांनी गृहीत धरलं. दोघांचंही चुकलं.

बाया आल्या. ठेवणीतल्या साड्या नेसून, एकमेकींचा पदर धरून आल्या. सरकत्या दारापाशी थोडा खोळंबा झाला, मग सगळ्या एकदम आत आल्या आणि शालीकरामच्या मागून फळीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. वरच्या फळीवर, समोरच, त्यांचा चिवडा होता. वच्छलाने तोंडाला पदर लावला. शामकलाने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला आपल्या लग्नातही तिने तसं पाहिल्याचं आठवेना. क्षणभर शालीकरामला वाटलं, झालं, निभावलं. आता यांना चहा पाजावा आणि गाडीत बसवावं.

पण रुख्मिणीबाई हलेनात. त्यांनी फळीकडे पाहिलं, शालीकरामकडे पाहिलं. म्हणाल्या की फळीवर काय, कोणीही ठेवेल. विकला जातो का, ते दाखवा. आणि एक पाकीट उचलून, कमरेची पिशवी सोडत, त्या सरळ नीतूच्या काउंटरवर गेल्या. त्यांच्या मागे सगळ्या. शालीकराम सर्वांत मागे.

दोन्ही बाजूंच्या काउंटरांवर मशीनं पीं पीं करत होती. नीतूने पाकीट घेतलं. एकदा शालीकरामकडे पाहिलं. मग मान खाली घालून तिने रेघांखालचे आकडे बोटांनी टाकायला सुरुवात केली.

"आमचाच काऊन बोटानं करून राहिली वं पोरी?" रुख्मिणीबाईंनी विचारलं. "बाकीच्यांले त मशीन लावून राहिले."

शालीकरामने देवाचं नाव घेतलं. नीतूने शेवटचा आकडा टाकला आणि वर न पाहता म्हणाली, "आजी, ज्याची वळख नाही त्याले मशीन लावावं लागते. तुमचा माल वळखीचा आहे."

रुख्मिणीबाईंनी मान वळवून बाजूच्या काउंटरवरच्या, मशीन लावून घेणाऱ्या लोकांकडे पाहिलं. त्या पाहण्यात थोडी दया होती. तेवढ्यात बिल बाहेर आलं. नीतूने ते वाचून दाखवलं. वर दुकानाचं नाव, खाली नागपूर, आणि त्याच्याखाली छापलेलं, दवनीवाडा चिवडा. रुख्मिणीबाईंनी बिल हातात घेतलं. वाचता येत नव्हतं, पण गावाचं नाव कुठे आहे ते त्यांनी विचारून घेतलं, त्यावर अंगठा ठेवला, आणि बिल घडी करून पिशवीत अगदी आत टाकलं. मोठ्या पोराला दाखवणार, म्हणाल्या.

मोठ्या पोराला दाखवायचं म्हटल्यावर बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? प्रत्येकीच्या घरी कोणीतरी होतंच, या चिवड्याला रिकाम्या बायांचा उद्योग म्हणणारं. कोणाचा नवरा, कोणाची जाऊ, कोणाचा दीर. सगळ्यांना बिल हवं झालं. एकीला नवऱ्यासाठी वेगळं आणि माहेरी दाखवायला वेगळं. पाकिटं फळीवरून भराभर खाली येऊ लागली. नीतू आकडे टाकत राहिली. थोड्या वेळाने ती अडखळली की शालीकराम मागून म्हणून दाखवू लागला. नंबर पाठ केल्याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

रांग दारापर्यंत गेली. रविवारचे नागपूरकर पिशव्या घेऊन तिष्ठत उभे. पुढे ठेवणीतल्या साड्यांमधला घोळका एकच चिवडा मिठीत घेऊन उभा, हे पाहून एका गृहस्थाने विचारलं, "स्कीम है क्या?" शालीकराम नाही म्हणेपर्यंत त्याची बायको फळीकडे गेली होती. तिला पाहून तिच्यामागची गेली. एकावर एक फ्री असणार, असं कोणीतरी म्हणालं आणि फळीपाशी धक्काबुक्की सुरू झाली. शालीकराम हात जोडून सांगत होता की तसं काही नाही हो, पण बसलेल्या आवाजात त्याचं ऐकतो कोण? लोकांना वाटलं, म्हातारा सगळं स्वतःसाठी ठेवू पाहतोय.

मॅनेजर आला तेव्हा फळी रिकामी होती. त्याने फळीकडे पाहिलं, काउंटरच्या पडद्यावर पाहिलं, आणि परत फळीकडे पाहिलं. दुकानात आज सर्वांत जास्त चिवडा खपला होता. बोटांनी टाइप करून का होईना, खपला होता. त्याने शालीकरामला बाजूला घेतलं, पाठ थोपटली, आणि म्हणाला की पुढच्या आठवड्यात दुप्पट माल पाठवा. पण रेघा काळ्या, काका. काळ्याच.

शालीकरामने तोंड उघडलं. अर्धी पाकिटं कुठे गेली आहेत, हे सांगणं भाग होतं, असं त्याला वाटत होतं. पण शामकला कधी शेजारी येऊन उभी राहिली होती, हे त्याला कळलंच नाही. ती मॅनेजरला म्हणाली, "पाठवू ना जी."

परतीच्या गाडीसाठी फलाटावर उभे असताना ती हळूच म्हणाली, "बाजूच्या मशीनी वाजून राहिल्या होत्या. आपली नव्हती वाजत."

"हो," शालीकराम म्हणाला.

"काऊन?"

त्याने सांगितलं. लाल उजेड, लाल रेघा, सगळं. ती ऐकत राहिली. हसली नाही, रागावलीही नाही, आणि हेच त्याला अवघड गेलं. मग तो म्हणाला की आता काळ्या शाईचं रुख्मिणीकाकूंना कोणी समजावायचं? "तुमीच," असं म्हणून तिने बायांची विकत घेतलेली सगळी पाकिटं एका खोक्यात भरली आणि ते खोकं त्याच्या हातात दिलं.

गाडीत कालइतकीच गर्दी होती. खोकं काल ज्या मांडीवर होतं त्याच मांडीवर, त्यात चिवडाही तोच. काल तो नेताना फुकट होता, आज आणताना पैसे मोजून होता. शालीकरामला याच्यावर विचार करायचा नव्हता. त्याला आता फक्त गोंदिया यायला हवं होतं.

गाडी सुटल्यावर रुख्मिणीबाईंनी आपलं पाकीट फोडलं. सगळ्या बाया तिकडे वळल्या. वच्छला खिडकीबाहेर पाहू लागली, पण तिचं लक्ष बाहेर नव्हतं, हे कोणालाही कळलं असतं. माल लागला असला तरी तिचं गटात राहणं न राहणं आता त्या एका मुठीवर आलं होतं. रुख्मिणीबाईंनी मूठ तोंडात टाकली. बराच वेळ चावलं. पुन्हा एक मूठ घेतली, तीही संपवली. मग पाकीट बंद करून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"दुकानात बसला का चव जाते बापा," त्या म्हणाल्या. "घरच्यावानी नाही लागत. वच्छला, उद्या गटात जाशीन त आपल्याले थोडा ताजा घेऊन येजो."

"हो आत्याबाई," वच्छला म्हणाली.

 शालीकरामने खोकं एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं.